निवाडा करणाऱ्यालाही विचारा

कोर्टात, चौकशीत, पोलीस चौकीत प्रश्न आपल्याला विचारतात. नाव काय? बापाचं नाव काय? आडनाव? म्हणजे नेमके कोण? राहतोस कुठं? दारू पितोस? रोज पितोस? आपल्या तीन पिढ्या उत्तरं देण्यात गेल्या. समोर खुर्चीवर बसून जो हे सगळं लिहून घेतो त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू कोण? ज्याच्याविरुद्ध आम्ही तक्रार केली त्याच्या ताटात तू जेवतोस का? आमचं आडनाव ऐकून तुझ्या मनात काय आलं?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या टोळीतला एक जण मागे येणारा ट्रेलर आणि उभा कंटेनर यांच्यामध्ये सापडला. मांडीचं हाड गेलं. ट्रेलरच्या मागं उभं राहून हात दाखवायला पूर्वी एक माणूस असायचा. कंत्राटदारानं तो खर्च नको म्हणून काढून टाकला होता. चौकशी बसली. चौकशी करणारे साहेब दुपारी कंत्राटदाराच्या मॅनेजरबरोबर एका टेबलावर जेवले. आम्ही जिन्यात बसून वडापाव खाल्ला. 'त्या वेळी तू प्यायलेला होतास का' हा प्रश्न त्याला चार वेळा विचारला गेला. मी मोजलं. हे उगीच विचारत नाहीत. कामगार प्यायलेला होता असं एकदा ठरलं की मालक भरपाईतून सुटू शकतो. माणूस मेला किंवा कायमचा पुरता निकामी झाला तरच ही सुटका नाही. १९२३ च्या कायद्यापासून ही तरतूद चालत आलेली आहे. शेवटी निकाल लागला, की कामगाराचा स्वतःचाच निष्काळजीपणा. ट्रेलरच्या मागं माणूस का नव्हता, हे कुणी एकदाही विचारलं नाही.

आमच्या वस्तीतला एक दोस्त वकिली करतो. आपल्याच चळवळीतला पोरगा. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, म्हणून त्यानं अमेरिकेतल्या एका खटल्याचा निकाल मला वाचून, समजावून सांगितला. ऐकताना अंगावर काटा आला. कारण तिथंही ट्रकच होता आणि तोही मागेच आला होता.

लुइझियाना राज्यात फोर्ट पोल्क नावाची लष्करी छावणी आहे. तिथं बांधकामावर एडमन्सन नावाचा एक काळा मजूर कामाला होता. लीझव्हिल काँक्रीट कंपनीचा ट्रक मागे घरंगळला आणि हा माणूस ट्रक आणि बांधकामाचं यंत्र यांच्यामध्ये चिरडला गेला. जगला. त्यानं कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला, म्हणाला की कंपनीच्या माणसाच्या हलगर्जीपणामुळं हे झालं. आणि त्यानं जूरी मागितली.

आपल्याकडं जूरी म्हटलं की लोकांना नानावटी आठवतो, बायको, पिस्तूल, नौदलाचा पांढरा गणवेश. अमेरिकेत मात्र पैशाच्या दाव्यालाही जूरी असते. वीस डॉलरच्या वरचा दावा असेल तर फेडरल कोर्टात जूरी मागायचा हक्क तिथल्या घटनेत १७९१ पासून आहे. तुझा पाय किती डॉलरचा, हे न्यायाधीश नाही ठरवत. रस्त्यावरून येणारीजाणारी माणसं ठरवतात. आणि ती माणसं बसण्याआधी त्यांना प्रश्न विचारतात. या प्रश्नोत्तरांना तिकडं व्हॉयर डायर म्हणतात. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, अर्थ एवढाच की खरं बोल.

काय विचारतात? तू काय काम करतोस? विमा कंपनीत कधी होतास का? घरात कुणाला अपघात झाला होता का? तू कधी कुणावर दावा लावलास, तुझ्यावर कुणी लावला? या वकिलांपैकी, साक्षीदारांपैकी कुणी तुझ्या ओळखीचं? हुशार वकील आणखी खोल जातो. तो म्हणतो, काही लोकांना वाटतं हल्ली जो तो उठून भरपाई मागतो, काहींना वाटतं मागायलाच हवी, तुम्ही कुणाच्या जवळचे? कुणी प्रामाणिकपणे म्हणतो की मला मजुरांचे दावे खोटेच वाटतात. मग जज त्याला विचारतो, हे बाजूला ठेवून नि:पक्षपाती निर्णय देता येईल का? तो म्हणतो, येईल साहेब. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. (माणसाला 'तुला न्यायानं वागता येईल का' असं विचारल्यावर 'नाही' म्हणणारा कुणी आजवर भेटलाय? आमचा मुकादमसुद्धा 'हो' म्हणेल.)

यातून माणसं गाळण्याच्या दोन वाटा असतात. एक कारण सांगून. हा कंपनीच्या मालकाचा मेव्हणा आहे, याला काढा. अशी कितीही काढता येतात, फक्त जजला पटलं पाहिजे. दुसरी वाट बिनकारणाची. काही सांगायचं नाही, बोट दाखवायचं, तो माणूस उठून घरी जातो. फेडरल कोर्टाच्या दिवाणी दाव्यात अशी तीन बोटं प्रत्येक बाजूला मिळतात.

लीझव्हिल कंपनीनं तीनपैकी दोन बोटं दोन काळ्या माणसांकडं दाखवली. एडमन्सनच्या वकिलानं विचारलं, यांना का काढलं ते सांगा. जज म्हणाला, दिवाणी दाव्यात सांगायची गरज नाही. मग बसली जूरी. अकरा गोरे, एक काळा.

या जूरीनं काय केलं ते ऐका. तिनं नुकसान नव्वद हजार डॉलरचं धरलं. म्हणजे माणूस जखमी झाला, दुखलं, रोजगार बुडाला हे मानलं. मग म्हणाली, चूक ऐंशी टक्के त्याची स्वतःची. वीस टक्के कंपनीची. हातात आले अठरा हजार. बहात्तर हजार डॉलर त्या 'स्वतःची चूक' मध्ये गेले. आमच्या दोस्ताच्या चौकशीत शंभरातले शंभर टक्के त्याची चूक निघाली, एवढाच काय तो समुद्रापलीकडचा फरक. मी असं म्हणत नाही की जूरीत ते दोन काळे असते तर ऐंशीचे वीस झाले असते. कुणाला ठाऊक? कदाचित तेही ऐंशीच म्हणाले असते. पण त्यांना बसूच दिलं नाही, आणि का ते सांगायलाही नकार दिला, तर त्या ऐंशीवर माझा विश्वास का बसावा?

प्रकरण वर गेलं. कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद आपण रोज ऐकतो तोच होता. आम्ही खासगी आहोत. समतेचं बंधन सरकारवर, आमच्यावर नाही. ३ जून १९९१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन अशा मतांनी हे फेटाळलं. जस्टिस केनेडीनं निकाल लिहिला. त्यातली गोष्ट माझ्या भाषेत सांगतो. जूरी सरकारची. तिला बोलावणारा कायदा सरकारचा. कोर्टाची इमारत सरकारची. बोट वकील दाखवतो, पण 'तुम्ही जा' असं त्या माणसाला सांगतो तो जज. मग हे खासगी कसं? वंशाकडं बघून माणूस काढता येणार नाही, दिवाणी दाव्यातही नाही. आणि हा अपमान फक्त एडमन्सनचा नाही, ज्याला उठवून घरी पाठवलं त्याचाही आहे. आपल्याकडं निम्मी गोदी कंत्राटदाराच्या हातात गेल्यावर, राखीव जागा कुठं गेल्या असं विचारलं की हेच उत्तर येतं, की आम्ही खासगी. केनेडी काही क्रांतिकारक नव्हता. रेगननं नेमलेला माणूस. तरी त्याला एवढं दिसलं.

आता आमच्यातला एखादा कडवा मित्र म्हणेल, गोऱ्यांच्या कोर्टाचं कौतुक कशाला सांगतोस? कौतुक सांगत नाही. उलटी बाजूही सांगतो.

फौजदारी खटल्यात हा नियम १९८६ सालीच झाला होता, बॅटसनच्या खटल्यात. केंटकीतल्या सरकारी वकिलानं जूरीच्या यादीतले चारही काळे बोट दाखवून काढले होते. त्या वेळी जस्टिस थर्गुड मार्शल कोर्टात होता, तिथला पहिला काळा न्यायमूर्ती. त्यानं निकालाला संमती दिली, पण सोबत बजावलं की नुसतं कारण विचारून हे थांबणार नाही, बिनकारण बोट दाखवणंच बंद करा. नऊ वर्षांत त्याचं म्हणणं खरं ठरलं. १९९५ मध्ये मिसूरीतलं प्रकरण आलं. काळ्या माणसाला का काढलं? सरकारी वकील म्हणाला, त्याचे केस लांब आणि विस्कटलेले होते, मिशी होती, दाढी होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, या पायरीवर कारण पटण्यासारखं असायची गरज नाही, त्यात वंशाचं नाव नाही ना, मग झालं. झालं! आम्हाला खोली नाकारतानाही घरमालक कधी जात सांगत नाही. त्याला मटणाचा वास येतो, पाव्हणे जास्त येतात, भाडं वेळेवर येईल की नाही याची शंका येते.

न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात तर स्पॅनिश जाणणारी माणसं काढली. साक्षीदार स्पॅनिशमध्ये बोलणार होते, आणि स्पॅनिश कळणारा माणूस दुभाष्याचं इंग्रजी प्रमाण मानणार नाही, थेट साक्षीदाराचं ऐकेल, ही त्या सरकारी वकिलाची धास्ती. तेही १९९१ मध्ये चाललं. ज्याला कळतं तोच अपात्र!

पुढं काही राज्यांना शहाणपण सुचलं. वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नियम केला. पोलिसांवर विश्वास नाही म्हणाला, गुन्हेगारी वस्तीत राहतो, सरकारी मदत घेतो, इंग्रजी मातृभाषा नाही, असल्या कारणांनी माणूस काढला तर ते कारण मुळातच संशयास्पद धरायचं. ॲरिझोनानं तर २०२२ पासून बिनकारण बोट दाखवणंच बंद केलं, फौजदारीतही आणि दिवाणीतही. मार्शल तोवर हयात नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच प्रकरण. त्यात वंशाची गोष्ट नाही. पोटाची आहे.

सॅन फ्रान्सिस्को. थील नावाचा एक प्रवासी सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या चालत्या गाडीच्या खिडकीतून उडी मारतो. मग दावा लावतो, की माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे रेल्वेच्या लोकांना माहीत होतं, त्यांनी मला गाडीत घ्यायला नको होतं, घेतलं तर लक्ष ठेवायला हवं होतं. दावा बरा की वाईट ते सोडा. जूरीच्या याद्या कशा केल्या हे विचारल्यावर कोर्टाच्या कारकुनानं शपथेवर सांगून टाकलं, की रोजंदारीवाले आम्ही मुद्दाम वगळतो. आणि उदाहरण कुणाचं दिलं? गोदी कामगाराचं. शहराच्या नावांच्या पुस्तकात एखाद्याच्या पुढं 'गोदी कामगार' असं लिहिलेलं दिसलं की मी ते नाव घेतच नाही, म्हणाला. कारण जूरीवर बसल्याचे दिवसाला चार डॉलर मिळतात. दहा डॉलर रोज कमावणारा माणूस जजपुढं उभा राहून परवडत नाही म्हणणार, जज त्याला सोडणार. मग आधीच कशाला लिहा?

कारकून दुष्ट नव्हता. हेच तर वाईट आहे. त्याला कागद वाचवायचा होता. त्याच्या पेनानं अख्खी गोदी प्रश्नोत्तरांच्या आधीच उडाली. तुझं मत काय, तुला न्यायानं वागता येईल का, हे विचारण्याइतकंसुद्धा कुणी थांबलं नाही. १९४६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सगळी पद्धत मोडीत काढली आणि थीलला नवा खटला दिला. जस्टिस मर्फीनं लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की जूरीवर बसायची लायकी माणसागणिक बघायची, वर्गागणिक नाही. एखाद्याला खरोखर झळ बसत असेल तर त्याला सोडा, पण रोजंदारीवाले म्हणून सगळ्यांना उचलून बाहेर टाकू नका. १९६८ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदाच केला की फेडरल जूरीतून वंश, रंग, धर्म, लिंग, आर्थिक स्थिती यावरून कुणाला वगळायचं नाही. कायदा झाला. पण आज फेडरल कोर्टात जूररला सुरुवातीला दिवसाला पन्नास डॉलर मिळतात. पन्नास डॉलरवर तिथला मजूर आठवडाभर बसेल का? कारकून गेला, त्याचं गणित राहिलं.

आणि पँथर? आपलं नाव जिथून आलं ते ओकलंडचे ब्लॅक पँथर, १९६६ चे. मुंबईत आपली पोरं १९७२ ला उठली ती त्यांचं नाव घेऊन. १९६८ मध्ये ह्यूई न्यूटनवर पोलिसाच्या खुनाचा खटला चालला. त्याचा वकील चार्ल्स गॅरी होता. त्यानं जूरीसाठी आलेल्या गोऱ्या माणसांना सरळ विचारायला सुरुवात केली, की तुम्ही वंशवादी आहात का? काळे शेजारी आले तर काय कराल? ब्लॅक पॉवर म्हटल्यावर तुम्हाला काय वाटतं? भल्या भल्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. शेवटी बारांत एकच काळा बसला, आणि जूरीनं त्यालाच आपला प्रमुख नेमलं. ज्या खटल्यात फाशीची भाषा होती तिथं सदोष मनुष्यवधावर आलं आणि पुढं १९७० मध्ये अपिलात तीही शिक्षा रद्द झाली. गॅरीचे ते प्रश्न दुसऱ्याच वर्षी पुस्तक होऊन वकिलांच्या हातात गेले. आपल्याकडं पँथरची गर्जना आली, जाहीरनामा आला, कविता आली. हे प्रश्न विचारणं मात्र आलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, आपल्याकडं जूरीच नाही तर विचारायचं कुणाला? खरं आहे. फौजदारी खटल्यातली जूरी मुंबईत होती, नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली तेव्हा ती उरलीसुरली संपली. नानावटीमुळंच गेली असं सांगतात ते तितकंसं खरं नाही. त्याच्या आधीच ती ठिकठिकाणी बंद पडत आली होती. तिची निवड कशी व्हायची ते १९०८ मध्ये टिळकांना कळलं. नऊ जणांची स्पेशल जूरी, सात युरोपियन, दोन पारशी. लेख 'केसरी'तले, मराठी. जूरीपुढं त्यांची इंग्रजी भाषांतरं. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. आपली भाषा न कळणारे, आपल्यावर आधीच दात धरून बसलेले लोक आपला निवाडा करतात तेव्हा कसं वाटतं, हे टिळकांना एकदा कळलं. गावकुसाबाहेरच्यांना ते रोज कळत होतं. तसं आज मुंबईत पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या दाव्यात जज्जासोबत पाच डेलिगेट बसतात, त्यांच्याच समाजातले. दिवाणी जूरीचा तेवढाच तुकडा आपल्याकडं उरला आहे.

मी जूरी परत आणा म्हणतोय असं कुणी समजू नये. गावच्या बारा माणसांच्या हातात आमच्या बायाबापड्यांच्या अब्रूचा निवाडा? नको रे बाबा. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींना न्यायदानाचा अधिकार द्यायचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब उभे राहिले आणि विरोध केला. जातीनं पोखरलेल्या गावातून निवडून आलेला न्यायाधीश अल्पसंख्याला न्याय देईल हे त्यांना मान्य नव्हतं. त्या भाषणानं माझ्या डोक्यातलं जूरीचं खूळ काढलं.

पण बाबासाहेबांनी जी शंका घेतली तिला खुर्चीचा अपवाद का? गावचा पंच जातीचा असतो आणि चौकशी अधिकारी, आयुक्त, जज्ज ही मंडळी काय आभाळातून पडतात? लीझव्हिलच्या त्या खोलीत निदान एक गोष्ट सगळ्यांनी धरून चालली होती, की निवाडा करायला बसणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच, आणि बसण्याआधी ते उघडं विचारायचं. पुढं त्यांनी त्याची वाट लावली ते वेगळं. आपण धरून चालतो की खुर्चीत बसला की माणूस कोरा. जज्जावर शंका घेतली तर अवमान. चौकशी अधिकाऱ्यावर घेतली तर 'गैरवर्तन', दुसरं चार्जशीट. दलित अधिकारी चौकशीला बसला तर मात्र हेच लोक कुजबुजतात, आता काय, त्यांचाच माणूस आहे. म्हणजे पूर्वग्रह असतो हे त्यांनाही माहीत आहे. फक्त तो आपल्याकडंच असतो असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा आम्ही ठरवलं की मोर्चा वगैरे नंतर, आधी विचारू. आमच्या दोस्तानं चौकशीच्या निकालाविरुद्ध अपील केलंय. वकील दोस्तानं अर्ज लिहिला, मी स्वच्छ अक्षरात उतरवला. त्यात चार प्रश्न आहेत. नव्यानं चौकशी करणाऱ्या साहेबांनी या कंत्राटदाराकडून गेल्या पाच वर्षांत फी, नोकरी किंवा दुसरा काही लाभ घेतला आहे काय? त्यांच्या घरातलं कुणी त्याच्याकडं कामाला आहे काय? कामगाराच्या अपघाताच्या चौकशा त्यांनी किती केल्या आणि त्यांपैकी किती चौकशांत चूक कामगाराची निघाली? चौथा प्रश्न जातीचा आहे. तो ठेवायचा की नाही यावर आमची रात्री बारापर्यंत भांडणं झाली. वकील म्हणाला, तो प्रश्न बघून बाकीचे तीनही फेकून देतील. टोळीतला म्हातारा म्हणाला, मग बाकीचे तीन विचारता कशाला? प्रश्न ठेवला.

अर्ज घेऊन चौघे गेलो. खिडकीवरच्या माणसानं वाचला, आमच्याकडं बघितलं, परत वाचला. म्हणाला, असा अर्ज घ्यायची पद्धत नाही. आम्ही म्हटलं, पद्धत नाही असं लिहून द्या. तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि शिक्का मारून पोच दिली. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. दोस्त कुबडीवर येईल. ज्यांची पाळी नसेल त्यांनी या.